सोनोग्राफी नॉर्मल, तरी शीतून रक्त: आता काय करायचं?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो, घरची कापसाची शेती आहे. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. पोळ्यापासून त्याच्या शीसोबत मधूनमधून रक्त येतं. लाल, ताजं. दुखत नाही, रडत नाही, खेळतो, जेवतो. एकदा शी करताना बोराएवढा लाल गोळा बाहेर आलेला मी पाहिला. तो उठला तसा गोळा आत गेला. गावातल्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. दोनदा आवेचं औषध झालं, जंताचंही झालं. तालुक्याला सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल आहे, फक्त पोटात सात मिलिमीटरच्या गाठी आहेत असं लिहिलंय. नणंद म्हणते टीबी असेल. सासूबाई म्हणतात, "सोनोग्राफीमा काहीच नही निंघनं, मंग कसाले घोर करस?"

मला कोडं वेगळंच पडलंय. माझ्या भावाचा मुलगा शिरपूरला असतो. तो आठ महिन्यांचा असताना त्यालाही शीतून रक्त आलं होतं. त्याच्या सोनोग्राफीत पाच मिनिटांत कारण सापडलं आणि ऑपरेशन न करता, पाणी सोडून आतडं मोकळं केलं. मग माझ्या मुलाच्या सोनोग्राफीत का सापडत नाही? जळगावला मोठ्या मशीनवर परत करू, की सरळ सीटी स्कॅन करू?

— एक आई, अमळनेर तालुका

उत्तर

ताई,

सीटी स्कॅन नको. तीच सोनोग्राफी मोठ्या मशीनवर परत करण्याचीही घाई नको. तुमच्या मुलाची एक अगदी साधी तपासणी अजून झालेली दिसत नाही: डॉक्टरांनी हातमोजा घालून, जेली लावून, शीच्या जागेतून बोटाने आत चाचपून पाहणं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मूल कुरकुरतं, पण दुखत नाही. मलम लिहून दिलं गेलं, आवेचं औषध दोनदा झालं, सोनोग्राफी करून झाली आणि बोट मात्र कुणी लावलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आश्चर्य वाटत नाही, कारण असं फार वेळा होतं.

तुम्ही पाहिलेला तो बोराएवढा गोळा हीच तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. चार वर्षांचं मूल, न दुखता येणारं ताजं लाल रक्त, मधूनमधून, बाकी तब्येत ठणठणीत, आणि शी करताना बाहेर डोकावून परत आत जाणारा लाल गोळा. एवढं ऐकलं की मुलांच्या डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते पॉलिपचं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर देठाला लटकलेला मऊ मांसल फुगवटा. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत न दुखता रक्त पडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. बहुतेक वेळा तो एकच असतो, बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतो, आणि एकटा असेल तर तो कॅन्सर नसतो नि पुढेही होत नाही. शीचा खडा घासून जातो, पृष्ठभाग खरचटतो, रक्त येतं. खडा मऊ असला की चार दिवस काही नाही. म्हणून तर "औषधाने फरक पडला" असं प्रत्येक औषधाच्या वेळी वाटतं.

मूळव्याध चार वर्षांच्या मुलाला सहसा होत नाही. या वयात "मूळव्याध" म्हणून मलम मिळालेल्या मुलांत कुणाला पॉलिप असतो, कुणाला फिशर. फिशर म्हणजे कडक शीने पडलेली चीर. ती दुखते. मूल शीला बसायला घाबरतं, पाय आवळून उभं राहतं, आणि रक्ताची फक्त रेघ दिसते. तुमचा मुलगा तसं काही करत नाही. शेवभाजीच्या तर्रीने किंवा उष्णतेने रक्त पडतं हेही खरं नाही. बीट किंवा रंगीत कुल्फी खाल्ल्यावर शी लाल दिसते आणि लोहाच्या औषधाने ती काळी होते, एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण त्यापायी विनाकारण घाबरून आलेले आईबापही मी पाहतो.

आता तुमचं कोडं. प्रश्न फार नेमका विचारलात. दोन मुलं, दोघांनाही शीतून रक्त, दोघांचीही सोनोग्राफी. एकात पाच मिनिटांत उत्तर, दुसऱ्यात काहीच नाही. यात मशीनचा दोष नाही. तालुक्याच्या डॉक्टरांचाही असेलच असं नाही.

सोनोग्राफीला रक्त पडताना दिसत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावरची चीर, लहान जखम, ओरखडा हेही दिसत नाही. तिला दिसते आतड्याची भिंत किती जाड आहे ते, आतड्यात किंवा आतड्याबाहेर एखादा गोळा आहे का ते, पाणी साठलंय का ते, आणि डॉपलर लावला तर भिंतीत रक्तपुरवठा कसा आहे ते. त्यातही एक मोठी अडचण असते, वाऱ्याची. ध्वनिलहर वायूतून पलीकडे जात नाही, तिथूनच परत फिरते. म्हणून जिथे गॅस आहे त्याच्या मागचं सगळं झाकलेलं राहतं. रिपोर्टमध्ये "गॅस जास्त आहे" अशा अर्थाची ओळ असते ना, ती लोक वाचून सोडून देतात किंवा मुलाला गॅसचं औषध देतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच की तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलंय: या भागातलं मला नीट दिसलं नाही.

तुमच्या भाच्याच्या पोटात काय झालं होतं ते पाहू. पत्रावरून ते इंटससेप्शन होतं यात मला शंका नाही. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, सदऱ्याची बाही अर्धी आत दुमडली जावी तसा. बहुधा लहान आतड्याचं शेवटचं टोक मोठ्या आतड्यात घुसतं. तीन महिने ते तीन वर्षं या वयात हे दिसतं आणि पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत सगळ्यात जास्त. बाळ एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, काही मिनिटांत शांत होतं, पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच. मधल्या वेळात ते गळून पडल्यासारखं, झोपाळू दिसतं. उलट्या होतात. रक्त आणि शेंबूड मिसळलेली लाल चिकट शी मागाहून येते, म्हणजे तोवर वेळ गेलेला असतो. रडणं, उलटी आणि रक्त ही तिन्ही लक्षणं एकत्र येईपर्यंत थांबलं तर बहुतेक बाळांचं निदान उशिरा होईल.

आणि नेमका हाच आजार सोनोग्राफीला चांगला दिसतो. आत शिरलेलं आतडं हा तीन सेंटिमीटरच्या आसपासचा जाड गोळा असतो. आडवा पाहिला तर एकात एक गोल कडी दिसतात, उभा पाहिला तर मूत्रपिंडासारखा आकार. सरावलेल्या हातांत ही तपासणी जवळजवळ चुकत नाही. किरण नाहीत, सुई नाही, बाळ आईच्या मांडीवर असतानाही होते. तेव्हा भाच्याच्या बाबतीत सोनोग्राफी हीच मुख्य तपासणी होती. पुढचं "पाणी सोडणं"ही तिच्याच नजरेखाली झालं. शीच्या जागेतून नळी घालून, तीन-चार फूट उंचीवर टांगलेल्या बाटलीतून कोमट सलाइन सोडतात. त्या पाण्याच्या दाबाने घुसलेलं आतडं हळूहळू मागे सरकतं, आणि पाणी लहान आतड्यात गेलेलं पडद्यावर दिसलं की काम झालं. काही ठिकाणी पाण्याऐवजी हवा वापरतात. वेळेत आलेल्या बहुतेक बाळांत हे जमतं. आतड्याला भोक पडलं असेल, पोट दगडासारखं कडक झालं असेल किंवा बाळ शॉकमध्ये असेल तर मात्र हे करत नाहीत, सरळ ऑपरेशन. म्हणून मुलांचे सर्जन जवळ असावे लागतात. सुटलेलं आतडं शंभरातल्या साधारण दहा बाळांत परत घुसतं, बरेचदा पहिल्या दोन-तीन दिवसांत. आता भाचा मोठा झाला असेल. त्याची दरवर्षी सोनोग्राफी करायची काही गरज नाही.

अशा बाळाचं पोट चोळून घेऊ नका. बेंबी सरकली म्हणून तेल लावून पोट चोळणाऱ्या बाया आपल्याकडे गावोगाव आहेत. सातपुड्याच्या बाजूला पोटावर डागही देतात. बाळ थकून शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, उतार पडला. त्या शांततेत आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो.

"पोराची कसली सोनोग्राफी, ती तर पोटुशी बाईची" हे वाक्यही मी अधूनमधून ऐकतो. त्याला कारण आहे. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरबाहेर गर्भलिंग निदान होत नाही असा फलक असतो, म्हणून ती खोलीच बायांची वाटते. १९९४च्या कायद्याखाली प्रत्येक मशीनची जागेसकट नोंदणी असते, ते उचलून कुठेही नेता येत नाही. कायदा हवाच होता, विशेषतः आपल्या भागात. पण त्याचा एक व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या: रात्री दोन वाजता धडगावच्या पाड्यावर बाळ किंचाळत असेल तर मशीन बाळाकडे येणार नाही, बाळालाच मशीनकडे न्यावं लागेल. १०८ला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

तुमच्या मुलाकडे येऊ. त्याचा पॉलिप असलाच तर एक-दोन सेंटिमीटरचा असेल, आणि तोही बहुधा अगदी शेवटच्या टप्प्यात, गुदाशयात. हा भाग ओटीपोटात खोल, मूत्राशयाच्या मागे असतो, त्यात शी आणि गॅस भरलेला. पोटावरून पाहणाऱ्याला तो कोपरा सगळ्यात अवघड. तरीही सोनोग्राफीत पॉलिप कधी दिसतच नाही असं नाही. बारीक प्रोब (पोटावर फिरवतात तो सोनोग्राफीचा दांडा) लावून, हळूहळू दाबत गॅस बाजूला सारत, मोठं आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत टप्प्याटप्प्याने पाहिलं तर तो गोल गोळा, त्यातल्या बारीक पाण्याच्या फोडी आणि डॉपलरवर देठातून जाणारी रक्तवाहिनी सापडते. दिसला तर फारच छान, निदान तिथेच पक्कं. नाही दिसला तर? तर "नाही दिसला" एवढंच. "नाही" असं नव्हे.

आणि इथे माझा खरा मुद्दा. तुमच्या मुलाच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? मला खात्री आहे, "पोटाची सोनोग्राफी" एवढंच. असल्या चिठ्ठीवर कुणीही जे पाहील ते त्यांनी पाहिलं: यकृत, पित्ताशय, पानथरी (प्लीहा), दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय. सगळं नॉर्मल. तेवढ्या प्रश्नाचं तेवढं उत्तर बरोबरच आहे. त्यांना जर लिहून गेलं असतं, "वय चार, पोळ्यापासून न दुखता ताजं रक्त, गोळा बाहेर येतो, पॉलिप आहे का पाहा", तर त्यांनी तो बारीक, लिनिअर प्रोब उचलला असता, मूत्राशय भरेपर्यंत थांबवलं असतं आणि मोठ्या आतड्याला दहा मिनिटं दिली असती. मुलांची सोनोग्राफी करणारा माणूस डोळ्यांइतकाच चिठ्ठीवर चालतो. तुमच्या भाच्याच्या चिठ्ठीवर कुणीतरी "आतडं शिरलंय का पाहा" असं लिहिलं असणार किंवा डॉक्टरांनी फोन केला असणार. पाच मिनिटांमागे ती एक ओळ आहे.

तेव्हा कुठल्याही मुलाची, कुठल्याही कारणाने सोनोग्राफी करायची वेळ आली तर डॉक्टरांना विनवा, "साहेब, काय शोधायचं ते लिहून द्या." राग येणार नाही त्यांना. आला तरी लिहून घ्या.

त्या गाठींचं. हा विषय माझ्या ओपीडीत इतक्या वेळा येतो की मला आता रिपोर्ट न बघता कळतं, आई रडवेली का झाली आहे. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात लसीका ग्रंथी असतात. सगळ्यांना असतात. लहान मुलांत त्या जरा ठसठशीत असतात, आणि बारीक प्रोबने पाहिलं की धडधाकट मुलातही दिसतात. सर्दी-खोकला किंवा पोटाचं साधं इन्फेक्शन होऊन गेलं की थोड्या फुगतात. आडव्या मापाने आठ मिलिमीटरपर्यंतच्या ग्रंथींना सहसा कुणी आजार मानत नाही. तुमच्याकडे सात आहे. टीबीच्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, मधून गळलेल्या दिसतात, लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथली भिंत जाड होते, पोटात पाणी असू शकतं. आणि मूल आजारी दिसतं: आठवडेच्या आठवडे ताप, वजन घटतं, भूक मरते. खेळणाऱ्या-जेवणाऱ्या मुलाला केवळ "गाठी" या एका शब्दावर टीबीचा कोर्स सुरू करू देऊ नका. नणंदेची काळजी खरी आहे, तिला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता पुढे काय. बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मुलांच्या सर्जनकडे जा, बोटाची तपासणी करून घ्या. पॉलिप खाली असेल तर बोटाला लागतो. लागला किंवा नाही लागला, पुढचं पाऊल कोलोनोस्कोपी. शीच्या जागेतून कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून मोठं आतडं आतून पाहायचं. सोनोग्राफी भिंतीच्या बाहेरून पाहते, ही आतून पाहते, आणि पॉलिप दिसला तर त्याच वेळी देठाला तारेचा फास टाकून, विजेच्या शेकाने रक्त न सांडता तो काढताही येतो. म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच भुलीत. अगदी खालचा पॉलिप मुलांचे सर्जन थेट बाहेरून, देठाला दोरा बांधूनही काढतात. गुदाशयात एक पॉलिप सापडला म्हणून तिथेच थांबू नये, पूर्ण आतडं पाहून घ्यावं, असं मला वाटतं. कारण पाच किंवा जास्त पॉलिप निघाले, किंवा घरात कुणाला असा त्रास असेल, तर ती वेगळी गोष्ट होते आणि मुलाला पुढे वर्षानुवर्षं तपासावं लागतं.

आदल्या दिवशी पातळ आहार आणि आतडं साफ करायचं औषध असतं. खरं सांगू का, सगळ्या प्रकारात आईला हाच भाग जड जातो. मूल दहा वेळा पळतं आणि भाकरी मागतं. भाकरी द्यायची नाही. तयारी नीट झाली नाही तर कॅमेऱ्याला शीच दिसते आणि सगळं परत करावं लागतं.

जाण्याआधी हिमोग्लोबिन करून घ्या. थेंबाथेंबाने गेलेलं रक्त दिसत नाही, पण दोन-तीन महिन्यांत मूल फिकं पडतं. या वयात ११च्या खाली असेल तर लोह सुरू करतात, आणि भूल द्यायच्या आधी ते सावरलेलं बरं. आणि मोबाईलमध्ये शीचा फोटो काढून न्या. लाजू नका. रक्त शीवर माखलंय, शेवटी थेंब पडलेत की शीत कालवलंय, हे चार वाक्यांपेक्षा एका फोटोत कळतं. गोळा परत बाहेर आला तर त्याचाही फोटो. हा एक फोटो तुमच्या आधीच्या सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगेल.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कापसाच्या घरात तो प्रश्न असतोच. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुलांची कोलोनोस्कोपी तिथे होते का, नसेल तर ते कुठे पाठवतील, हे आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते पाहा. मुलगा अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे येतं, त्यांच्याकडूनही पुढची चिठ्ठी मिळते.

हे सदर इतर आयाही वाचतात, म्हणून थोडं विषय सोडून. शीतून रक्त म्हणजे पॉलिप, असं कुणी धरून चालू नये. ताप, मुरडा, शेंबूड आणि रक्त असेल तर तो बहुधा आतड्याचा संसर्ग. तिथे शीची तपासणी आधी, सोनोग्राफीत फार तर मोठ्या आतड्याची भिंत सुजलेली दिसेल. रक्ती हगवणीनंतर मूल पांढरं पडलं आणि लघवी कमी झाली तर मात्र मूत्रपिंडांकडे लगेच पाहावं लागतं. पायांवर आणि ढुंगणावर दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके, सांधे दुखतात, पोट दुखतं आणि रक्त पडतं, असा एक आजार शाळकरी वयात दिसतो, एचएसपी म्हणतात. त्यात सोनोग्राफी कामाची, कारण सुजलेल्या आतड्यात आतडं शिरू शकतं. पोट बरं झालं तरी या मुलांची लघवी पुढे सहा महिने तपासत राहावी लागते, आणि तेच लोक विसरतात. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर रक्ताची वाट पाहू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्याला तास मोजायचे असतात. डॉपलरवर रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसला की सर्जन थांबत नाहीत.

मेकेलचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण ते सोनोग्राफीला सगळ्यात जास्त चकवतं. जन्माआधीच्या एका नळीचा विरून जायचा राहिलेला तुकडा लहान आतड्याला पिशवीसारखा चिकटून राहतो. शंभरात साधारण दोघांना असतो आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. पण त्या पिशवीत कधी कधी जठराचं अस्तर असतं, ते आम्ल सोडतं, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो, आणि दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल न दुखता एकदम भरपूर रक्त सोडतं. विटकरी, गडद. मूल पांढरंफटक. तिथे सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून घरी जायचं नसतं. जठराचं ते अस्तर टिपणारा किरणोत्सारी टेक्निशियमचा वेगळा स्कॅन असतो, तो मोठ्या शहरात, न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असेल तिथे होतो. तुमच्या मुलाचं रक्त थोडं, ताजं आणि गोळ्यासोबतचं आहे, म्हणून मी त्या वाटेला जात नाहीये. कोलोनोस्कोपीत काहीच निघालं नाही तर जाऊ.

याउलट रक्ताची उलटी आणि डांबरासारखी काळी शी. हे वरून येतं. यकृताकडे जाणारी मोठी शीर, पोर्टल व्हेन, लहानपणीच बंद पडलेली मुलं आपल्या देशात कमी नाहीत. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात आणि पानथरी वाढते. इथे डॉपलर सोनोग्राफी हीच पहिली तपासणी, आणि ती सुरेख उत्तर देते. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं असल्याने पोटात पानथरी हाताला लागली की सगळे सिकलसेलच धरतात. असेलही. पण त्या मुलाने रक्ताची उलटी केली असेल तर चिठ्ठीवर "पोर्टल व्हेन पाहा" असं लिहून डॉपलर करून घ्या.

तुमच्या मुलाच्या बाबतीत घाई कधी करायची तेही सांगते. एकदम वाटीभर रक्त पडलं, तो फिका पडला, चक्कर आली, पोट फुगलं किंवा कळा येऊ लागल्या, किंवा बाहेर आलेला गोळा आत जाईना, तर त्याच दिवशी रुग्णालय. एरवी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तारीख घेतलीत तरी चालेल. दिवाळीनंतर बघू, कापूस विकला की बघू, असं मात्र करू नका.

पॉलिप काढल्यावर तो तपासायला पाठवतात. त्या बायोप्सीचा रिपोर्ट बरेच लोक आणायलाच जात नाहीत, कारण मूल बरं झालेलं असतं. आणा. त्यावर "जुवेनाइल पॉलिप" (लहान मुलांतला साधा पॉलिप) असं असेल आणि तो एकच असेल तर पुढे काही करायचं नाही. पॉलिप काढल्यापासून दोन आठवड्यांत परत ताजं रक्त दिसलं तर ज्यांनी काढला त्यांनाच फोन करा, कारण देठाची खपली कधी कधी उशिरा सुटते. तोवर शी कडक होऊ द्यायची नाही.